फुलाफळांच्या वासाचा हलका परफ्यूम पुरुषाला शोभेल का?

नक्की शोभेल, फक्त त्यातला गोडवा आवरलेला हवा. फवारल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं फळांचीच असतात: बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), पेअर, कधी अननस. मग ती मागे सरतात आणि फूल वर येतं. परफ्यूम युनिसेक्स वाटणार की नाही, हे मला वाटतं इथेच ठरतं. जाईचा वास दाट ठेवला तर तो जड होतो. हेडिओन नावाचा रेणू वापरला की तीच जाई पातळ, हवेशीर, जराशी लिंबाळ होते. १९६६ साली आलेल्या 'ओ सोव्हाज' या खास पुरुषांसाठीच्या परफ्यूमची ओळखच त्याने घडवली! १९९४ चा 'सीके वन' तर स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच आला. त्यातही अननस, जाई, ग्रीन टी आणि तळाशी मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास, आहे.

मूड म्हणाल तर प्रसन्न, मोकळा; नुकत्याच धुतलेल्या सुती शर्टासारखा. सकाळी, ऑफिसला, उन्हाळ्यात छान. हा वास तीन-चार तासांत विरतो, कारण लिंबूवर्गीय आणि फळांचे रेणू लवकर उडतात. म्हणून कागदी पट्टीवर हुंगून लगेच घेऊ नका. मनगटावर लावा, अर्धा तास थांबा. तेव्हाही साखरेच्या पाकासारखा वास येत असेल, तर दुसरा बघा.