सिस्टरताईंना विचारा: ईसीजीची पट्टी हातात आली की आधी काय बघू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी जीएनएम, चार वर्षं मेडिकल वॉर्डला काढली आणि मागच्या महिन्यात आयसीसीयूला (हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात) टाकलंय. ईसीजी काढायला येतो पण पट्टी बाहेर आली की मला नुसत्या रेघा दिसतात. नाईटला डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत असतात, फोन केला की विचारतात काय दिसतंय आणि मी गप्प. जाडजूड पुस्तक आणलंय, त्यातलं काही डोक्यात शिरत नाही. सुरुवात कुठून करू? (एक स्टाफ नर्स, सातारा जिल्हा)

उत्तर: सिस्टर, ते पुस्तक थोडे दिवस कपाटात ठेवा आणि आधी ईसीजी काढण्याकडे बघा. काढता येतो म्हणताय ना, तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात हो. व्ही १ आणि व्ही २ चे बल्ब, म्हणजे छातीला चिकटवायचे पहिले दोन इलेक्ट्रोड, बहुतेक जण फार वर लावतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली आणा, छातीच्या मधल्या हाडावर एक उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी फासळी, तिच्याखालची जागा दुसरी, तिथून मोजत चौथ्या जागेत यायचं. उजवीकडे व्ही १, डावीकडे व्ही २. मग व्ही ४ पाचव्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली, आणि व्ही ३ हा व्ही २ आणि व्ही ४ च्या मधे. बायकांमधे व्ही ४ स्तनाच्या खाली जातो, लाजेपोटी तो वर चिकटवू नका, पडदा ओढा, वॉर्डबॉय मामांना बाहेर जायला सांगा, पेशंटला चादर द्या पण जागा बदलू नका. बल्ब वर लागले तर नसलेला जुना अटॅक पट्टीवर दिसू शकतो.

हाताच्या क्लॅम्पचं पण तसंच, लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. माझ्याकडून एकदा पहाटेच्या गडबडीत लाल-पिवळा उलटा लागला, लीड १ मधे (लीड म्हणजे हृदय एका बाजूने दाखवणारी पट्टीवरची एक रेघ) सगळंच उलटं, एव्हीआर ही एरवी उलटी असणारी लीड सरळ उभी, आणि माझ्या लक्षात यायच्या आत त्या आजोबांच्या मुलाला कोणीतरी काहीतरी वेगळंच सांगून मोकळं झालं होतं. परत काढला, नॉर्मल. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून पट्टी मशीनमधून फाडायच्या आधी मी लीड १ आणि एव्हीआर बघतेच बघते.

आता वाचायचं. पेपर सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, त्यामुळे छोटा चौकोन ०.०४ सेकंद आणि मोठा ०.२० सेकंद. दोन आर मधे, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांच्या दोन उंच टोकांमधे, मोठे चौकोन किती ते मोजा आणि त्या आकड्याने ३०० ला भागा, ४ आले तर रेट ७५, ६ आले तर ५०, २ आले तर १५०. ठोके अनियमित असतील तर हे चालत नाही, मग ३० मोठे चौकोन म्हणजे ६ सेकंद धरा, त्यातले आर मोजा आणि १० नी गुणा. मग बघा प्रत्येक क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार भागाच्या) आधी पी (छोटा उंचवटा) आहे का, पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) ३ ते ५ छोट्या चौकोनात बसतोय का, क्यूआरएस ३ छोट्या चौकोनांपेक्षा कमी आहे का. पी कुठेच नाही आणि आर कसेही पडतायत तर एएफचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीचा) संशय घ्या. टी (क्यूआरएसनंतरचा उंचवटा) तंबूसारखा उंच टोकदार असेल, त्यात किडनीचा पेशंट, तर वाढलेलं पोटॅशियम आठवा.

एसटी (क्यूआरएस आणि टीच्या मधली रेघ) एकाच लीडमधे वर बघून घाबरू नका, हृदयाच्या एकाच भिंतीच्या दोन लीडमधे वर गेलीय का ते बघा. खालची भिंत म्हणजे लीड २, ३, एव्हीएफ. इथे वर दिसली की उजव्या बाजूचा पण ईसीजी काढून ठेवा, म्हणजे व्ही ४ चा बल्ब उजवीकडे तशाच जागी लावायचा आणि पट्टीवर पेनाने व्ही ४ आर लिहायचं कारण मशीन नुसतं व्ही ४ छापतं. अटॅकमधे हृदयाचा उजवा कप्पा सापडला असेल तर सॉर्बिट्रेटने (छातीत दुखताना जिभेखाली ठेवायच्या गोळीने) बीपी धाडकन पडतं, म्हणून डॉक्टरांनी गोळी सांगितली तरी आधी बीपी आणि ही पट्टी त्यांच्या कानावर घाला.

आणि फोनवर गप्प बसायचं नाही. निदान तुम्ही करायचं नाहीये, दिसतंय ते सांगायचंय. “सर, बेड ४, ५५ वर्षांचे, शुगर आहे, २० मिनिटं छातीत दुखतंय, घाम सुटलाय, बीपी १००/६०, रेट ५०, लीड २, ३, एव्हीएफमधे एसटी वर आहे, तुम्ही वर या.” एवढं बोललात की कुठलाही डॉक्टर जिना चढतो. छातीत दुखणारा पेशंट आला की १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, आणि पहिला नॉर्मल आला पण दुखणं चालूच आहे तर १५ ते ३० मिनिटांनी परत काढायचा, कोणी म्हणो न म्हणो. शुगरवाल्या आणि वयस्कर बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं, त्यांचा पण लगेच काढा.

प्रश्न: माझे वडील आयसीसीयूत होते. मॉनिटरवर रेघ वेडीवाकडी पळायला लागली, अलार्म वाजला, आणि सिस्टर डॉक्टरला बोलवायचं सोडून आधी बाबांना हाक मारत त्यांच्या मानेला हात लावून बघत होत्या. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: अगदी बरोबर आहे दादा, मी पण तेच केलं असतं. पेशंट दात घासत असला किंवा हात थरथरत असला तरी स्क्रीनवर व्हीटीसारखं (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या धोकादायक वेगवान ठोक्यांसारखं) दिसतं, आणि घामाने स्टिकर सुटलं की रेघ सपाट होते. हाक मारून, श्वास आणि मानेची नाडी बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त लागत नाहीत. नाडी नसती तर त्यांनी तिथूनच ओरडून सगळ्यांना बोलावलं असतं आणि छाती दाबायला सुरुवात केली असती, शॉकचं मशीन दुसऱ्या कोणी आणेपर्यंत थांबल्या नसत्या. बाबांनी ओ दिली म्हणून त्या स्टिकर बघायला वळल्या असणार.