छंदाच्या एका ऑनलाइन समूहाने माझा अख्खा देशच ब्लॉक केलाय. असं का करतात आणि मी आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या समूहात नाव नोंदवायला गेलात आणि 'तुमच्या देशातून प्रवेश नाही' एवढी एकच ओळ समोर आली. नियम मोडला नाही, कुणाला वावगं बोलला नाहीत, मग शिक्षा कशाची, असा तुमचा प्रश्न आहे. मी अशाच एका लहान समूहाचा बरीच वर्षं मॉडरेटर आहे, म्हणून आतल्या बाजूने काय घडतं ते सांगतो.

हा निर्णय तुमच्याकडे बघून झालेला नसतो. सर्व्हर कोलमडलेला असतो, सदस्य तक्रारी करत असतात आणि सगळं सांभाळणारा एकटा माणूस नोकरीवरून थकून आलेला असतो. त्या क्षणी देश ब्लॉक करणं हा सर्वांत सोपा उपाय हाताशी असतो. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या क्रमांकावरून, देश ओळखणारे डेटाबेस तयार मिळतात, मॅक्समाइंड या कंपनीचा एक तर फुकट मिळतो. संकेतस्थळांना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेत देशाचं नाव निवडून नियम लिहिला की झालं, कोट्यवधी माणसं बाहेर. त्यातही हा शेवटी अंदाजच. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. पत्त्यांचे गट आता विकले जातात, एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि डेटाबेस काही काळ जुनाच देश दाखवत राहतो. म्हणजे ज्या देशावर रोख आहे तिथले नसलेलेही लोक अडकतात.

कारणं वेगवेगळी असतात आणि त्यावरच तुमचा पुढचा मार्ग ठरतो. स्पॅम हे सर्वांत जुनं कारण. एकाच देशातून रोज शेकडो खोटी खाती उघडायला लागली की मॉडरेटरचा धीर सुटतो, आणि मग सुक्याबरोबर ओलंही जळतं.

अलीकडे याहून मोठा त्रास आहे तो एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर ओरबाडणाऱ्या बॉटचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. ते हजारो घरगुती कनेक्शनच्या पत्त्यांआडून येतात, त्यामुळे एकेक पत्ता अडवून काही साधत नाही. २०२५ च्या सुरुवातीला फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या पॅग्युअर या कोड साठवण्याच्या सेवेवर हा भार इतका वाढला की बाकीचे उपाय थकल्यावर ब्राझीलहून येणारी सगळी वाहतूक बंद करावी लागली. तिथे काम जाणणारी माणसं होती, तरी ही वेळ आली. मग हौसेखातर चालणाऱ्या समूहाची काय कथा!

कायद्याचं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण तिथे चालकाच्या मनात खरी भीती असते. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातली बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्यं १७ मार्च २०२५ पासून लागू झाली. जोखमीचं लेखी मूल्यांकन करायचं, आणि चुकलात तर दंडाची कमाल मर्यादा १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी जास्त असेल ती. हौशी माणसावर प्रत्यक्षात एवढा दंड बसेल असं मला वाटत नाही. पण स्वतःच्या खिशातून सर्व्हरचं भाडं भरणाऱ्याने हा आकडा वाचला की त्याची झोप उडते. लंडनच्या सायकलप्रेमींच्या एलएफजीएसएस या जुन्या समूहाच्या चालकाने डिसेंबर २०२४ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे इतरांनी जबाबदारी उचलली म्हणून तो टिकला. लॉबस्टर्स या संगणकप्रेमींच्या समूहाने ब्रिटनला ब्लॉक करायची तयारी केली होती, ती नंतर मागे घेतली.

आणखी एक कारण म्हणजे एखाद्या देशावर घातलेले निर्बंध. गिटहब या कोड साठवण्याच्या अमेरिकी संकेतस्थळाने २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधल्या लोकांची खाती मर्यादित केली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी सरकारचा परवाना मिळाल्यावरच ती पूर्ववत झाली. असं प्रकरण असेल तर मॉडरेटरच्या हातात काहीच नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. हल्ला चालू असताना काही दिवस नवी नोंदणी बंद ठेवली तर मी समजू शकतो. वाचणंही बंद करणं मला मान्य नाही, आणि तात्पुरता म्हणून घातलेला नियम वर्षानुवर्षं कुणी तपासतच नाही, हे तर अजिबात नाही. धंदेवाईक स्पॅमर दुसऱ्या देशाचा पत्ता विकत घेऊन परत येतो. बाहेर राहतो तो प्रामाणिक माणूस. यात नुकसान समूहाचंही आहे. फिलिप्सचे रेडिओ कितीतरी देशांत बनले. एखाद्या मॉडेलचा सर्किट डायग्राम इथे कुणाकडे नसतो आणि तिकडे एखाद्या निवृत्त तंत्रज्ञाच्या कपाटात असतो. त्यालाच आपण बाहेर ठेवलं तर दुरुस्ती शिकणार कुणाकडून? आमच्याकडे नोंदणीच्या वेळी 'वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ थेट मेनला का लावू नये?' असं विचारतो आणि आलेलं उत्तर माणूस वाचतो. नव्या सदस्याचे पहिले काही संदेश तपासूनच पुढे जातात. कष्ट जास्त आहेत, पण देश बघावा लागत नाही.

आपल्याच शेजारच्या छंदाचं बघा. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही अमेरिकी आणि सोव्हिएत हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ संदेश पाठवणारे, एकमेकांशी बोलत होते, आणि संपर्काची पोच देणारी क्यूएसएल कार्डं मॉस्कोच्या पोस्ट बॉक्स ८८ मार्गे ये-जा करत होती. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार आजही दोन देशांतल्या हॅमचा संपर्क वैध धरला जातो; एखाद्या देशाच्या प्रशासनाने रीतसर हरकत कळवली तरच तो बंद. मोकळीक हा नियम आणि मनाई हा अपवाद, हीच रीत मला आपल्या समूहांतही हवी आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. त्रुटीच्या पानावरचा आकडा नीट बघा. ४५१ असेल तर कारण कायदेशीर आहे. क्लाउडफ्लेअरच्या पानावर १००९ असेल तर देशावरच बंदी आहे. नुसता ४०३ असेल तर कदाचित तुमचा एकटा पत्ताच अडकला असेल. मोबाइल नेटवर्कवर एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटला जातो आणि दुसऱ्याच्या उद्योगाचं फळ तुम्हाला मिळतं. दुसऱ्या कनेक्शनवरून एकदा उघडून बघा.

व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा पत्ता दाखवणारी सेवा, लावून आत शिरायची घाई करू नका. अनेक समूह व्हीपीएनचे पत्तेही अडवतात, आणि नंतर लक्षात आलं तर खातं जातं, वर संशयही येतो. त्याऐवजी चालकाला ईमेल करा. तुमचा देश, आयपी पत्ता, वेळ आणि पानावरचा मजकूर जसाच्या तसा लिहा. कोणत्या रेडिओवर काम करताय तेही दोन वाक्यांत लिहा, कारण ते वाचून समोरच्याला कळतं की हा आपल्यातलाच आहे. निदान वाचण्यापुरती मोकळीक द्या, असं मागून बघा. ही मागणी मान्य करणं त्याला सोपं जातं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तोवर तुमच्या सेटचं मॉडेल आणि नेमका बिघाड इथे लिहा, मला जमेल तेवढं मी सांगतो.