रोजचं जाणं-येणं 40 किमी, पुण्यात सोसायटीत राहतो. इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का?

घ्या. पण शोरूमला जाण्याआधी खाली पार्किंगमध्ये जाऊन तुमच्या मीटरपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत वायर कशी आणता येईल ते बघा. साडेतीन वर्षं मी धायरीहून जवळपास एवढंच अंतर इलेक्ट्रिक स्कूटरवर जातोय. गाडीने फारसा त्रास दिला नाही, प्लगने दिला.

आमचे मीटर जिन्याखाली आणि माझी जागा मागच्या भिंतीला. सुरुवातीला पार्किंगमधल्या जुन्या पॉइंटवर चार्जर लावून पाहिला, तर एरर यायचा. वायरमनने उघडून दाखवलं, त्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. मग स्वतःच्या मीटरवरून पाइपातून नवी वायर ओढली, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवला आणि कुलूप लागेल अशा डब्यात 16 अँपिअरचं सॉकेट घेतलं. घरातून खाली एक्स्टेन्शन सोडून चार्जिंग मात्र कृपा करून करू नका. चार-पाच तास सलग लोड राहिला की साधा बोर्ड तापतो. शेजारच्या विंगमधल्या एका बोर्डाची वितळून वाकडी झालेली भोकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

खर्चाचं म्हणाल तर महिन्याला 1000 किमी धरा. पेट्रोलची स्कूटर 50 चं ॲव्हरेज देत असेल तर 20 लिटर, म्हणजे दोन हजारांच्या वर. माझी गाडी तेवढ्याला 35 युनिटच्या आसपास घेते. सगळे आकार धरून युनिटला 12 रुपये लावले तरी 420 होतात. तुमचा घरचा वापर 100 युनिटच्या आसपास असेल तर ही वाढीव युनिटं महावितरणच्या पुढच्या स्लॅबमध्ये जातील, म्हणून दर तोच धरा.

कंपनीने छापलेली रेंज धरू नका. माझी बॅटरी 3 किलोवॅट-अवरची. नवी असताना एकट्याला 95 किमी मिळायचे, आता 85. मागे कोणी बसलं की त्याहून कमी. तुम्हाला दिवसाआड चार्जिंग पुरेल.

सोसायटीत आगीचा विषय निघणारच, आणि ती भीती उगाच नाही. मार्च 2022 मध्ये आपल्या लोहगावलाच रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली होती. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस 156 हे नियम कडक केले, त्यांचा दुसरा टप्पा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. सेकंडहँड घेणार असाल तर उत्पादनाचा महिना बघा आणि त्याआधीची गाडी घेऊ नका.

आणखी एक. दुसऱ्या पावसाळ्यात माझा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) गेला आणि पार्ट नाही म्हणून गाडी अठरा दिवस सर्व्हिस सेंटरला पडून होती. गल्लीतला मेकॅनिक या कामाला हात लावत नाही. त्यामुळे मॉडेल ठरवण्याआधी तुमच्या भागातल्या सर्व्हिस सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांशी दहा मिनिटं बोला.

वायरिंगच्या परवानगीचा अर्ज मात्र आजच सेक्रेटरींकडे द्या आणि पोच घ्या. आमच्या कमिटीला हो म्हणायला सात आठवडे लागले.