इतकी प्रार्थना करूनही आजार हटत नसेल, तर ख्रिस्तावरची आशा कशी टिकवायची?

ताई, आईच्या आजारपणाला दोन वर्षं झाली, प्रार्थना चालूच आहे, आणि मंडळीतलं कुणी म्हणालं, ‘तुमचा विश्वास कमी पडतोय.’ चर्चला जाणं थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. ते वाक्य मीही पप्पांच्या उशाशी बसून ऐकलंय. खुद्द प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. तेव्हा ते बोलणं मनाला लावून घेऊ नका.

आम्ही सोलापूरचे. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. पण सुयांपेक्षा तहान वाईट. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी सगळं आलं. आणि इकडे एप्रिलातच पारा चाळिशीपार! मम्मी सकाळी बाटली भरायची, तिच्यावर पेनाने रेघा मारलेल्या. दुपारी पप्पा नुसती चूळ भरायचे. एका रात्री उठलो तर ते माठाला गाल लावून बसलेले. प्यायले नव्हते. मी न बोलता परत येऊन पडलो.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पप्पा हट्टाने उपासनेला आले. बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. पाचव्याला पाळकसाहेबांनी वचन वाचलं, ‘मला तहान लागली आहे.’ पप्पांनी माझा हात दाबला. म्हणाले, “त्याला बी लागली होती की रे.” पुढचं प्रवचन मला आठवत नाही.

पप्पा बरे झाले नाहीत, पुढच्या पावसाळ्यात गेले. पण त्या दुपारनंतर ‘देवाने मला सोडलं’ असं ते कधी म्हणाले नाहीत. माझं मात्र उलटं. प्रार्थनेला बसलो की तोंडातून फक्त तक्रार निघायची. मग स्तोत्र ८८ सापडलं. ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. रोज रात्री तेच वाचायचो. तुम्हीही वाचा, मोठ्याने.

आपली पुण्याची गाडी केडगावावरून जाते. तिथे मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. बाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तेव्हाही चालूच होतं, आणि १९२२ च्या एप्रिलात त्याही गेल्या. पप्पांना तपासणीला नेताना ते स्टेशन आलं की मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

माणसांचं म्हणाल, तर महिला मंडळातल्या एक मावशी दर बुधवारी यायच्या. आमच्यासाठी शेंगाचटणी अन् कडक भाकरी आणायच्या, पण पप्पांना मीठ-शेंगा बंद म्हणून डबा त्यांच्यासमोर कधी उघडायच्या नाहीत. उपदेश शून्य. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते, बोलायला लागले अन् घोळ झाला. अशी एखादी मावशी असेल तर तिला येऊ द्या. आणि आईच्या वेदना कमी करायचं डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात अविश्वास नाही.

चर्च सोडू नका, मागच्या बाकावर बसा. गाणं निघत नसेल तर गाऊ नका. मी सहा महिने तसाच बसायचो. प्रभूच्या प्रार्थनेला माझे ओठ हलायचे नाहीत, शेजारचे म्हणायचे ते ऐकत राहायचो.