शाळेचा खर्च, शाळेचे पंखे

प्रश्न : सर, जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेवर मी मुख्याध्यापिका आहे. पट ४७, शिक्षक आम्ही दोघं. अनुदान येतं, पण उशिरा. तोवर खडू, फिनेल, वीजबिल सगळं माझ्या खिशातून जातं. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तर थकबाकीपोटी कनेक्शन तोडलेलं. आता गावातले काहीजण म्हणतात, पंखे काढून ठेवा, बिल निम्म्यावर येईल. काढू का?

उत्तर : बाई, पंखे काढू नका. साधा पंखा ७५ वॅटचा असतो. चार पंखे रोज पाच तास फिरले तर दीड युनिट होतं, महिन्याच्या २४ दिवसांचे ३६ युनिट. तेवढ्यासाठी जतच्या मार्चमध्ये पत्र्याखाली पोरं घामाघूम बसवायची, हे मला पटत नाही.

बिल पुढ्यात घ्या आणि वर्गवारी बघा. सरकारी शाळा-दवाखान्यांसाठी सार्वजनिक सेवा अशी वेगळी वर्गवारी आहे, एलटी सात अ. तुमच्या बिलावर व्यापारी वर्गवारी छापलेली असेल तर शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या. मग मीटर मोजा. जुन्या खोल्यांचा एक, नव्या खोलीचा दुसरा असं पुष्कळ ठिकाणी असतं. स्थिर आकार मीटरमागे बसतो, पंखा फिरो न फिरो. एक मीटर बंद करता येतो का, ते वायरमनला आणून विचारा.

जूनमध्येच वीज तुटली म्हणता, त्यावरून मला माझी शाळा आठवली. खानापूर तालुक्यात होतो तेव्हा आमचा मीटर ऑफिसच्या खोलीत होता. मे महिन्यात खोलीला कुलूप. रीडिंगला आलेला माणूस परत जायचा आणि बिलावर सरासरी युनिट पडायचे. पुढं खरं रीडिंग मिळालं की ते वळते होतात, हे खरं. पण सुट्टीत शाळेच्या खात्यात पैसे कुठले असतात? बिल थकायचं, त्यावर व्याज चढायचं. दोन वर्षं मी ते खिशातून भरलं. तिसऱ्या वर्षी गणिताच्या तासाला मुलांपुढं बिलच ठेवलं, वजाबाकी करा म्हणालो. चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, मागचं रीडिंग नि आत्ताचं रीडिंग एकच हाय, मग युनिट आले कुठनं?" त्याच आठवड्यात मीटर बाहेर व्हरांड्यात घेण्यासाठी अर्ज दिला. तुमचाही मीटर आत असेल तर बाहेर घ्या. तोवर सुट्टीत मोबाइलवरून स्वतः रीडिंग पाठवा, त्याची सोय आहे. सुट्टी लागताना मेन स्विच बंद करायला विसरू नका. आणि बिलावरच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते.

आता खिशातल्या पैशाचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच लागलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषानं ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. पट तीसवर आला की तेच १०,००० होतं. खोल्या तेवढ्याच, नळ तेवढेच, झाडायचं अंगण तेवढंच, आणि पैसे निम्म्याहूनही कमी. खर्च खोल्यांचा होतो आणि पैसे डोक्यांवर मिळतात, ही लहान शाळांची खरी अडचण आहे. ती तुमच्या पर्समध्ये दडून राहिली तर कुणाला दिसणारच नाही. मी बारा वर्षं असाच खर्च केला, कुणाला बोललो नाही. माझी बदली झाली आणि पुढं आलेल्या गुरुजींना गावानं विचारलं, "आधीच्या सरांना काही लागत नव्हतं, तुम्हालाच कसं लागतं?" ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या गुरुजींची अडचण मीच करून ठेवली होती. म्हणून सांगतो, सादिलचा, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा, रुपयान् रुपया तारखेसह लिहा, स्वतः घातलेला वेगळ्या रकान्यात, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या दर बैठकीत मोठ्यानं वाचा. ग्रामसभेतही वाचा.

साबण आणि संडासातलं पाणी यांत मात्र काटकसर करू नका. अनुदानातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठीच आहे. पाणी वाचवायचं तर नळाचे वायसर बदला. पोषण आहाराच्या ताईंना मटकी, हरभरा आदल्या रात्री भिजवायला सांगा, शिजताना झाकण ठेवायला सांगा. सिलिंडर जास्त दिवस पुरतो.

प्रश्न : कराड तालुक्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष. माजी विद्यार्थ्यांनी देणगी जमवली आहे. सौर पॅनेल घ्यावं का?

उत्तर : आधी वर्षभराची बिलं मांडून महिन्याचे युनिट काढा. पन्नास-साठ युनिटांच्या शाळेला पॅनेलची घाई नाही. जुनी ट्यूब चोकसकट पन्नास वॅटच्या वर खाते, एलईडी वीसमध्ये तोच उजेड देते. त्या बदला, मग पत्र्याला पन्हळ लावून टाकी बसवा. दीडशे चौरस मीटर पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे पंधरा हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी बारा हजार उरतात. झाडांना, संडासाला ते पुरतं.

संगणक कक्ष असेल, बिल खरंच मोठं असेल, तर पॅनेल जरूर घ्या, पण नेट मीटरसह, म्हणजे उरलेली वीज बाहेर देऊन तिची नोंद ठेवणाऱ्या मीटरसह. मे महिन्यात ऊन कडक आणि शाळा बंद; ते युनिट खात्यावर जमा राहतात आणि मार्चअखेरपर्यंत वापरता येतात. बसवणाऱ्याकडून पाच वर्षांची देखभाल लेखी घ्या. पॅनेल पुसायला मुलांना पत्र्यावर चढवायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.