मूठभर ज्वारी ठीक, टोपलीभर नको

प्रश्न (मोहोल तालुका): परसात २० गिरिराज कोंबड्या आहेत. कुत्र्यांमुळे जाळीतच असतात. सकाळी ज्वारी, दुपारी भाकरी-भात, संध्याकाळी लेअर (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य देते. महिनाभरात अंडी निम्म्यावर आली, कवच पातळ झालं, दोन तर नुसत्या पापुद्र्यातच निघाली. दुकानदाराने कॅल्शियमचं टॉनिक दिलंय. डोस वाढवू का? आणि तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या) गटाला अनुदान मिळतं का?

उत्तर: नाही ताई. आधी ती बाटली बाजूला ठेवा.

एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम मालदांडी ज्वारीत ते पाव ग्रॅमही नसतं. तुमच्या कोंबड्या सकाळीच ज्वारीनं पोट भरतात आणि संध्याकाळी खाद्य नुसतं उकरतात. खाद्याचं पोतं किती दिवस पुरतं बघा. कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम धरलं, तर २० कोंबड्यांना ५० किलोचं पोतं एकवीस ते तेवीस दिवसांत संपायला हवं. दीड महिना पुरत असेल तर दुखणं तिथेच आहे.

उद्यापासून उलटं करा. उजाडताच लेअर खाद्य, तेच दिवसभर भांड्यात. ज्वारी, भाकरी, भाजीचे देठ असं सगळं वरचं मिळून २० कोंबड्यांत पाव किलोच्या आत, तेही चारनंतर. मोजून घाला, अंदाजाने नको. शिंपल्याचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या ताटलीत संध्याकाळी ठेवा. कवच रात्री बनतं, ज्या कोंबडीला हवा ती बरोबर उचलते. माझा सगळ्यात जास्त भरवसा या ताटलीवर आहे. आणि जाळीला लसूणघासाची एक जुडी टांगा, टोचत बसतात, एकमेकींची पिसं उपटत नाहीत.

दुकानदार 'लेअर संपलं, फिनिशर न्या' म्हणेल. नेऊ नका. ते मांसाच्या कोंबडीचं, त्यानं चरबी चढते, अंडी नाही. 'पिल्लांनाही लेअर चालतं' म्हणेल. चालत नाही. लेअर खाद्यातल्या कॅल्शियमनं पिल्लांची मूत्रपिंडं जातात. टॉनिक दुप्पट करा म्हणेल, तेही नको. दुकानदार बाटली विकतो, कोंबडी तुमची मरते. दर पंधरवड्याला हेच सांगतो, तरी बाटल्या दिसतातच.

बुरशीची शेंगपेंड फेकून द्या, वाळवूनही घालू नका. भाव पडला म्हणून कांदे जाळीत ओतू नका, त्यानं कोंबडीचं रक्त कमी होतं. चटणी-मिठाचं उष्टंही नको.

हिरवी हगवण, शिंका किंवा मान वाकडी दिसली तर हा खाद्याचा प्रश्न नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एप्रिल-मेमध्ये धापा टाकणारी कोंबडी पातळच कवच देते, तेव्हा खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी सावलीत ठेवा.

तलंगा गटाच्या अनुदानाचं विचारलंत, त्याची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करा. आधी या वीस सांभाळा. पंधरा दिवस हे करून अंड्यांचा रोजचा आकडा भिंतीवर लिहा आणि मला कळवा.