शनिवारचं रेकॉर्डिंग सोडू का?

प्रश्न : ताई, मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवड्यातले तीन दिवस एका ऑडिट फर्ममध्ये इंटर्नशिप करते. शनिवारी एका संस्थेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि कधीकधी त्यांच्या परीक्षेत लेखनिक म्हणून बसते. यंदा एका सौंदर्यस्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी माझी निवड झाली आहे. ग्रूमिंगचे ट्रेनर म्हणतात, रेकॉर्डिंगचं काम ‘दिसत’ नाही. त्यापेक्षा फायनलच्या आधी एखादा मोठा उपक्रम कर, त्याचे फोटो येतील. आई म्हणते, इंटर्नशिप सोड. मला वाटतं, सगळंच अर्धवट होतंय. हे वर्ष सोडलं तर वय निघून जाईल, अशीही धास्ती आहे. काय सोडू?
– विशीतली एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : रेकॉर्डिंग सोडू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

मी बरीच वर्षं मुलींकडून प्रश्नोत्तरांच्या फेरीची तयारी करून घेते आहे. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडतं, आत जात नाही. परीक्षकांचंही तेच होतं. पहिल्या उत्तरावर ते मान हलवतात आणि मग हळूच दुसरा प्रश्न टाकतात : तिथे तू नेमकं काय करतेस? कशात अडचण येते? फायनलच्या आधी घाईघाईने एखादं वाटप उरकलेली मुलगी इथे गडबडते, कारण फोटोपलीकडे तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

तुझ्याकडे आहे. ताळेबंदाचं पान डोळ्यांनी न बघणाऱ्या माणसाला कसं वाचून दाखवायचं, हे तुला ठाऊक आहे. आधी सांगायचं की तक्ता आहे, रकाने इतके, त्यांची शीर्षकं ही. मग एकेक ओळ घ्यायची, प्रत्येक आकड्याआधी तो कोणत्या रकान्यातला ते म्हणायचं आणि बेरजेची ओळ आली की तसं सांगायचं. आलेख असेल तर रेघ कुठून निघाली, कुठे चढली, कुठे खाली आली, हे शब्दांत मांडायचं, आणि तेही स्वतःचं मत न मिसळता. पानाचा क्रमांक विसरला तर ऐकणाऱ्याला वर्गात पुस्तक उघडून शोधता येत नाही, म्हणून तो दर वेळी म्हणायचा. एवढं जरी शांतपणे सांगितलंस तरी समोरचे परीक्षक पेन खाली ठेवून ऐकतील. शिवाय यात तुझी इंटर्नशिपही आपसूक येते : दिवसा आकडे तपासतेस, शनिवारी तेच आकडे दुसऱ्याला ऐकवतेस. दोन वेगळी कामं म्हणून त्यांच्याकडे बघतेस, म्हणून दमतेस.

आणि उच्चारांसाठी वेगळा क्लास लावला असशील तर तो बंद कर. तासभर मोठ्याने, न अडखळता, श्वास सांभाळत वाचणं यापेक्षा चांगला रियाज मला तरी माहीत नाही.

‘दिसत नाही’ या मुद्द्याबद्दल तुझ्या ट्रेनरना माझा नमस्कार सांग. मिस वर्ल्डमध्ये ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा सामाजिक कामाचा भाग 1972पासून आहे. 2017मध्ये जिंकलेली मानुषी छिल्लर वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती आणि तिचा प्रकल्प मासिक पाळीतल्या स्वच्छतेचा होता. 2025ची विजेती, थायलंडची ओपल सुचाता, स्तनांच्या कर्करोगाबद्दल बोलत होती. सोळाव्या वर्षी तिच्या स्वतःच्या स्तनातली गाठ काढली होती. दोघींचे विषय आपापल्या आयुष्यातून नाहीतर अभ्यासातून आलेले आहेत. फोटो चांगले येतील म्हणून शोधून काढलेले नाहीत.

आता वेळ. सगळ्या गोष्टींना सारखा वेळ वाटायचा प्रयत्न करतेयस, तिथेच घोळ आहे. एका कागदावर फक्त न हलणाऱ्या तारखा लिही : कॉलेजची परीक्षा, सबमिशन, इंटर्नशिपचे दिवस, स्पर्धेच्या रिहर्सल, गाऊनचं फिटिंग. व्यायाम, चालण्याचा सराव, मॉक इंटरव्ह्यू, पोर्टफोलिओचं शूट या सरकणाऱ्या गोष्टी. त्या उरलेल्या फटींत बसवायच्या. बसल्या नाहीत तर त्या आठवड्यापुरत्या राहिल्या, रडायचं नाही.

तुझं शनिवारचं काम या दोन्हींत विभागलेलं आहे, हे बहुधा तुझ्या लक्षात आलेलं नाही. रेकॉर्डिंग सरकतं. संस्थेला विचारून घरी, फोनवर, पंखा बंद करून करता येतं. एखादं प्रकरण पुढच्या आठवड्यात दिलं तरी चालतं. लेखनिकाचं मात्र तसं नाही. तिथे दुसऱ्या कोणाचा तरी पेपर तुझ्या हजेरीवर अवलंबून असतो. म्हणून संस्थेत आजच सांग की अमुक ते अमुक तारखांना मला लेखनिक म्हणून धरू नका. त्या सोडून जिथे नाव दिलंस, तिथे ऐन वेळी ऑडिशन आली तरी पेपरलाच जायचं. यावर माझ्याकडे वाद नको.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ऑडिटमध्ये मुदती जवळ आल्या की कामाचा लोंढा येतो आणि नेमकी तुझी फायनल त्याच महिन्यात असेल तर दोन्हीकडे माती होईल. पण सोडण्याच्या आधी विचार. त्या महिन्यापुरते दिवस कमी करून इंटर्नशिप पुढे एक महिना वाढवून मिळेल का? बऱ्याचदा मिळते, फक्त आधी विचारावं लागतं. न सांगता दांड्या मारून प्रशस्तिपत्रात ‘अनियमित’ लिहून घेण्यापेक्षा रीतसर नोटीस देऊन थांबलेलं बरं.

उंच टाचांचं थोडक्यात : रोज वीसेक मिनिटं, फायनलला जे घालणार आहेस त्याच जोडात, कडक फरशीवर, आणि नंतर पोटऱ्या ताणायच्या. रविवारी एकदम चार तास केलंस तर सोमवारी ऑफिसचा जिना चढवणार नाही. वजन झटपट उतरवण्याचा आहार कोणी सुचवला तर सरळ नाही म्हण. परीक्षेच्या हॉलमध्ये चक्कर आलेली मुलगी मी पाहिली आहे. झोपेवरही कात्री लावू नकोस. डोळ्यांखालचं मेकअप झाकेल, पण रंगमंचावर शब्द आठवेनासा झाला की तो कोणी हातात आणून देत नाही.

वयाचं म्हणशील तर तू विशीत आहेस. मिस युनिव्हर्सने 2024पासून वयाची वरची मर्यादाच काढली, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनात साठीची एक बाई ‘मिस ब्यूनस आयर्स’ झाली! सगळ्या स्पर्धा अशा नाहीत, मिस वर्ल्डला मर्यादा आहे. तुझ्या स्पर्धेचा नियम तू वाच. पण ‘यंदा नाही तर कधीच नाही’ हे तुझ्या वयाला लागू होत नाही.

शेवटची एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण मीच विचारते. जिंकलीस तर? करार नीट वाचलास का? विजेतीला पुढचं वर्षभर कार्यक्रम, प्रवास, जाहिराती यांना बांधून घेतात. उपविजेत्यांनाही अटी असू शकतात. तुझी अंतिम परीक्षा त्यातच येते का, परीक्षेसाठी सुट्टी लेखी मिळते का, दुसरीकडे नोकरी करता येते का, करार मोडला तर भरपाई किती, हे सही करण्याआधी घरातल्या कोणा मोठ्याला किंवा ओळखीच्या वकिलाला दाखव. रीता फारिया 1966मध्ये मिस वर्ल्ड झाली तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होती. तिने मुकुटाचं एक वर्ष पार पाडलं, मॉडेलिंगला रामराम ठोकला आणि परत जाऊन डॉक्टर झाली. वर्ष संपल्यावर काय करायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तू तेवढंच आधी ठरवून ठेव.

प्रश्न : स्पर्धेत भाग घेतेय हे इंटर्नशिपच्या ठिकाणी सांगावं का? कमी लेखतील अशी भीती वाटते.

उत्तर : साहेबांना सांग, सगळ्या मजल्याला नको. तारखा देऊन, दोन वाक्यांत : ‘या दिवसांत मी नसेन, माझं काम अमुकच्या आधी संपवून देते.’ टिंगल करणारा एखादा असतोच. वेळेवर फाईल टेबलावर आली की त्याचा विषय संपतो. कंपनीचं नाव मात्र मुलाखतीत किंवा सोशल मीडियावर विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि अशिलांच्या कागदपत्रांतला एकही तपशील कुठे नको.

प्रश्न : मी एका वसतिगृहातल्या मुलांना शिकवते. आयोजकांनी ‘सामाजिक कार्याचा व्हिडिओ’ मागितला आहे. मुलांचे चेहरे दाखवू का?

उत्तर : संस्थेची आणि पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय नाही, आणि ती असली तरी मी दाखवणार नाही. मुलांच्या वह्या दाखव, फळ्यावरचं गणित दाखव, पाठमोरा वर्ग दाखव. स्वतः कॅमेऱ्याकडे बघून सांग की भागाकार शिकवताना पोरं नेमकी कुठे अडतात आणि तू काय करतेस. दीड मिनिटाच्या व्हिडिओला तेवढं पुष्कळ झालं. आणि खाली करुण संगीत लावू नकोस.